प्रिमितिवो की नेग्रोअमारो? पुलियाची रेड घेताना

इटलीच्या बुटाची टाच म्हणजे पुलिया. तिथली रेड वाइन घेतली की बाटलीवर बहुतेक वेळा या दोनातलं एक नाव असतं. दोन्ही काळीभोर द्राक्षं, दोन्ही कडक उन्हातली, म्हणून लोक सरसकट एकच समजतात आणि मग जेवणाबरोबर भलतीच बाटली उघडून बसतात.

प्रिमितिवो लवकर पिकतं, ऑगस्टच्या शेवटाला काढणी सुरू पण होते. आता गंमत अशी की एकाच घडात काही मणी अजून कच्चट आणि काही सुकून पार मनुका व्हायला लागलेले, सगळे एकत्र चेचले की साखर भरपूर, आणि साखर जास्त म्हणजे अल्कोहोल पण जास्त, मांदुरिया गावच्या डीओसीला (म्हणजे ठरावीक भागातल्या वाइनला मिळणारा इटालियन दर्जाचा शिक्का) किमान १३.५ टक्के लागतंच, १४-१५ म्हणजे काही नवल नाही. चव मुरांब्यासारखी, जाड, गोडसर. जोया देल कोल्ले हा भाग मात्र उंचावर, चुनखडीच्या मुर्जे पठारावर, रात्री गार पडतं तिथं, त्यामुळे तिकडची प्रिमितिवो जरा सडसडीत लागते (मला तीच जास्त आवडते). आणि हो, झिनफंडेल म्हणजे हेच द्राक्ष, डीएनए तपासून नक्की झालंय, मूळ क्रोएशियाचं. म्हणजे नाशिकच्या सुलाची झिनफंडेल प्यायली असेल तर ओळख आधीच झालीये 😄

नेग्रोअमारो खाली सालेंतोचं, लेच्चे-ब्रिंदिसीकडचं. हे सावकाश, सप्टेंबर सरता सरता पिकतं. फळ आहेच, पण शेवटी जिभेवर हलका कडसरपणा राहतो आणि मातीचा, तंबाखूचा वास येतो. सालीचे सालेंतीनो या तिथल्या डीओसीची रेड मुख्यतः याचीच, बऱ्याचदा माल्वाझिया नेरा हे दुसरं काळं द्राक्ष थोडं घालून. शिवाय याची रोझे (गुलाबी वाइन) भारी होते, लेओने दे कास्त्रिस या वायनरीची फाइव्ह रोझेस १९४३ पासूनची आहे.

एकेकाळी दोन्हींचा माल टँकरने उत्तरेकडे जायचा, तिकडच्या फिक्या वाइनला रंग न् दम द्यायला, नाव कुणी घेत नव्हतं.

टोमॅटो, मटण असं जेवण असेल तर माझं मत सरळ नेग्रोअमारोला, तो कडसरपणा तेलकट घास कापतो. प्रिमितिवो मुरलेल्या चीजबरोबर निवांत प्यावी. फक्त लेबलवर 'दोल्चे नातुराले' दिसलं तर थांबा, ती मांदुरियाची चक्क गोड वाइन असते, जेवणानंतरची.