कॉपर इंडियम सल्फाइड क्वांटम डॉट

पांढऱ्या एलईडी दिव्यातील निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळ्या ते तांबड्या प्रकाशात बदलणारे, कॅडमियम व शिसे नसलेले अर्धसंवाहक नॅनोस्फटिक. आकार साधारणपणे २ ते ५ नॅनोमीटर. युरोपीय संघाच्या नियमांनुसार विद्युत उपकरणांतील एकजिनसी पदार्थात, सवलती वगळता, कॅडमियम वजनाने ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. क्वांटम डॉटसाठी आधीपासून वापरात असलेल्या कॅडमियम सेलेनाइडला पर्याय शोधण्यामागे हे मोठे कारण होते. इंडियम फॉस्फाइड हा दुसरा पर्याय. मात्र आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो ‘२अ’ या संभाव्य कर्ककारकांच्या गटात ठेवला आहे. इंडियमची इतर संयुगेही निरुपद्रवी मानू नयेत. कोरडी पूड श्वासात जाता कामा नये.

कॉपर आयोडाइड व इंडियम ॲसिटेट डोडेकेनथायॉल या गंधक पुरवणाऱ्या द्रवात (थायॉल) घेऊन निर्वातात सुमारे १०० °से.ला ओलावा व हवा काढतात, मग नायट्रोजन वा आर्गॉनखाली २०० ते २३० °से.पर्यंत तापवतात. तांबे इंडियमच्या आधी गंधकाशी संयोग पावू पाहते. थायॉल कमी पडल्यास अनुस्फुरण (शोषलेला प्रकाश दुसऱ्या रंगात परत फेकणे) न देणारे काळपट कॉपर सल्फाइड वेगळे पडते. तांबे इंडियमपेक्षा मुद्दाम कमी ठेवल्यास चमक वाढते. त्यानंतर झिंक स्टिअरेट घालून झिंक सल्फाइडचे कवच चढवतात. त्याने चमक अनेक पटींनी वाढते, पण रंग निळ्या बाजूला सरकतो; जस्त गाभ्यात शिरणे व गाभा झिजणे ही दोन्ही कारणे दिली जातात.

उत्सर्जनाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. उत्सर्जित तरंगलांबींचा पट्टा रुंद असतो (अर्ध-उंचीवर सुमारे १०० नॅनोमीटर) आणि क्षयकाल, म्हणजे चमक विझायला लागणारा वेळ, शेकडो नॅनोसेकंदांचा. आधीच्या लेखनात याचे स्पष्टीकरण स्फटिकदोषांतील दाता-ग्राही (इलेक्ट्रॉन देणारा व घेणारा दोष) जोडीने दिले जाई. आता संवहन पट्ट्यातील (मोकळेपणी फिरू शकणाऱ्या ऊर्जापातळ्यांतील) इलेक्ट्रॉन तांब्यापाशी स्थानबद्ध झालेल्या विवराशी (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेशी) संयोग पावतो, हे मत अधिक ग्राह्य दिसते. तांबे मिसळलेल्या इतर नॅनोस्फटिकांचे वर्तन त्याच्याशी जुळते. रुंदीचा प्रश्न मात्र त्याने मिटत नाही. काही एकल-कण मोजमापांत उत्सर्जनाचा पट्टा बराच अरुंद आढळला आहे. तसे असल्यास एकत्रित रुंदीचा मोठा वाटा कणाकणांतील, विशेषतः तांब्याच्या स्थानातील, फरकाकडे जातो.

दिव्यात ४५० ते ४६० नॅनोमीटरची निळी चिप व सिरियमयुक्त पिवळा फॉस्फर (निळा प्रकाश पिवळ्यात बदलणारा पदार्थ) यांच्या जोडीला हे डॉट तांबड्याची उणीव भरतात. शोषण व उत्सर्जन यांत मोठे अंतर असल्याने पुनर्शोषण कमी होते. ६५० नॅनोमीटरपलीकडचा प्रकाश डोळ्याला फारसा जाणवत नाही, म्हणून लांब तरंगलांबीचे डॉट कार्यक्षमता घटवतात. उरलेला थायॉल, डॉट ज्यात मिसळून लेप देतात त्या सिलिकोनमधील प्लॅटिनम उत्प्रेरकाला निष्क्रिय करतो व लेप चिकटच राहतो. त्यामुळे वारंवार अवक्षेपण करून धुणे किंवा इपॉक्सी वापरणे भाग पडते. चिपच्या उष्णतेने चमक मंदावत असल्याने थर चिपपासून दूर ठेवणे हितावह असते.