शोधशब्दांचे डोमेननाव

संकेतस्थळाच्या पत्त्यात मालकाचे किंवा पेढीचे नाव न घालता, गिऱ्हाईक ज्या शब्दांनी माल वा सेवा शोधते तेच शब्द घालण्याची पद्धत. 'देवगडहापूस', 'तारकर्लीहोमस्टे' ही अशा नावांची नमुन्यादाखल रूपे. गाव आणि वस्तू अशी जोडी हा या नावांचा सर्वांत सोपा घाट, आणि कोकण किनाऱ्यावर तो चपखल बसतो. कारण इथला माल गावाच्या नावानेच ओळखला जातो. आंबा देवगडचा, काजू वेंगुर्ल्याचा, पांढरा कांदा अलिबागचा.

डोमेननावांची व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. यंत्रांचे आकडी पत्ते माणसांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी शब्द आणले गेले. 'डॉट कॉम'खालचे पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. पुढे वेबचा प्रसार झाला तसे लोक शोधयंत्राकडे न जाता हव्या त्या वस्तूचे नावच पत्त्याच्या जागी टाइप करून पाहू लागले, आणि साध्या शब्दांना सोन्याचा भाव आला. 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरला विकले गेले. शोधयंत्रेही तेव्हा पत्त्यातल्या शब्दांना बरेच वजन देत. त्याचा फायदा घेऊन आत काहीच नसलेली हजारो पाने उभी राहिली. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने हे वजन कमी केले. दर्जाहीन पानांना निव्वळ शोधशब्दांशी तंतोतंत जुळणाऱ्या नावाच्या जोरावर वर येऊ द्यायचे नाही, असा तो बदल होता. गूगलचे अभियंते मॅट कट्स यांनी तो जाहीर करताना अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी ०.६ टक्के शोधांवर परिणाम दिसेल असे सांगितले होते. तेव्हापासून नुसते नाव पानाला वर चढवत नाही. ते ओळख पटवते. निकालांच्या यादीत दहा पत्ते दिसतात, आणि त्यांतला जो आपल्या मनातले शब्द बोलतो त्यावर बोट जाते. या पद्धतीचे आजचे खरे बळ एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

कोकणात धंद्याला ग्रामदेवतेचे नाव देण्याची रीत आहे. रामेश्वर आचऱ्यातही आहे आणि विजयदुर्गाजवळच्या गिर्ये गावातही. रवळनाथ तर गावोगाव. खानावळीच्या पाटीवर ते नाव शोभते, गावातल्या माणसाला त्यातून सगळे कळते. पण पुण्यात बसून मे महिन्याच्या सुट्टीचा बेत आखणाऱ्या कुटुंबाला 'रवळनाथ' या शब्दावरून खोली, जेवण, समुद्र यांतले काहीच उमजत नाही. ते शोधतात 'देवबाग बीचजवळ रूम, घरगुती जेवण'. म्हणून पाटीवर देव आणि पत्त्यात गाव, ही विभागणी उत्तम. देवाचे नाव सोडायचे कारण नाही.

नाव जितके नेमके तितके येणारे कमी, पण कामाचे. 'कोकणपर्यटन' अशा रुंद नावावर येणाऱ्याला अलिबाग हवे असते की वेंगुर्ले, हे त्याचे त्यालाच ठरवायचे असते. 'देवबाग' शोधणाऱ्याने मात्र नकाशा पाहिलेला असतो. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्ट्यावरच राहायचे, हे त्याचे ठरलेले असते. त्याला फक्त खोली आणि दर विचारायचा असतो. चार खोल्यांच्या घराला अशी दहा माणसे पुरतात.

नेमकेपणात कोकणाची खास अडचण आहे ती एकाच नावाच्या गावांची. मुरुड दोन आहेत : रायगड जिल्ह्यातले जंजिऱ्याचे आणि रत्नागिरी जिल्ह्यातले दापोलीजवळचे, हर्णैचे. नुसते 'मुरुडबीच' असे नाव घेतले, तर दोन्हीकडची माणसे त्यावर येणार. किनाऱ्याने निघाले तर या दोन मुरुडांमध्ये आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेसवी अशा दोन फेरीबोटी लागतात. चुकीच्या मुरुडात खोली ठरवलेले कुटुंब संध्याकाळी मुलांसह रस्त्यात अडकते, तेव्हा त्या घाईत घेतलेल्या नावाची किंमत कळते. अशा ठिकाणी 'मुरुडहर्णै' किंवा 'मुरुडजंजिरा' अशी जोडनावेच घ्यावीत, लांब झाली तरी. पत्त्यातल्या दोन टिंबांमधल्या तुकड्याला ६३ अक्षरांची मुभा असते.

दुसरी अडचण रोमन लिपीची. 'देवगड' कोणी व्ही घालून लिहितो, कोणी ओ घालून. शेवटी कोणी डी लिहितो, कोणी हिंदी वळणाने आर आणि एच. 'मालवण'मध्ये व्ही की डब्ल्यू हा वाद तर रोजचाच. आपण लिहितो ते स्पेलिंग नव्हे, गिऱ्हाईक लिहिते ते घ्यावे. जमल्यास दोन-तीन रूपे नोंदवून सगळी एकाच स्थळाकडे वळवावीत. शब्दांमध्ये डॅश टाकणे टाळलेले बरे. फोनवर पत्ता सांगताना तो हमखास गळतो.

पत्त्याच्या शेवटी 'डॉट कॉम'च्या जागी येणारा देवनागरीतला 'डॉट भारत' हा विस्तार २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाला. मराठी आणि कोकणी दोन्ही त्यात बसतात. स्पेलिंगचा घोळ तिथे बराच मिटतो. मात्र असा पत्ता यंत्राला रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात साठवावा लागतो, आणि दुसरीकडे चिकटवताना कधी कधी 'एक्सएन'ने सुरू होणारी निरर्थक अक्षरमाळ दिसते. ती पाहून गिऱ्हाईक बिचकते. त्यामुळे आज तरी देवनागरी नाव रोमन नावाच्या जोडीने ठेवणे शहाणपणाचे.

गावाचे नाव पत्त्यात घालणे म्हणजे गिऱ्हाइकाला शब्द देणे. कोकणच्या हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्याचे जिल्हे. बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकण्याची लबाडी जुनी आहे, आणि पत्त्यात 'देवगड' लिहून तीच करणे तितकेच वाईट, कारण तिथे गिऱ्हाइकाला फळ हातात घेऊन, वास घेऊन पाहता येत नाही. डोमेन नोंदवताना बाग कुठे आहे हे कोणी विचारत नाही. जो आधी येईल त्याला नाव मिळते. म्हणून खऱ्या बागायतदारांनी आपल्या गावाची नावे वेळेत घ्यायला हवीत.

नोंदणी वर्षाच्या हिशेबाने होते, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षे. ती स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर असावी. साइट करून देणाऱ्या ओळखीच्या पोराच्या नावावर ती राहते, तो नोकरीला मुंबईला जातो, आणि नूतनीकरणाची सूचना भलत्याच ठिकाणी पोचते. 'डॉट कॉम'चे नाव मुदत संपून रद्द झाले, तरी ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येते. त्यानंतर ते कोणालाही घेता येते. पण पत्ता तर मागच्या हंगामातल्या प्रत्येक पेटीवर छापलेला असतो. ते रिकामे खोके कुठेतरी गिऱ्हाइकाच्या माळ्यावर असते, आणि मार्चमध्ये ते खाली काढून घरातली बाई त्यावरचा पत्ता फोनमध्ये टाइप करते.