एक चतुर्थांशाची हमी

१ त्रिज्येची एक चकती घ्या. तिच्यातला प्रत्येक बिंदू म्हणजे एक संमिश्र संख्या. आता एखाद्या होलोमॉर्फिक (म्हणजे संमिश्र संख्यांच्या अर्थाने प्रत्येक बिंदूपाशी विकलज असलेल्या) फलनाने ही चकती हवी तशी ताणा, वाकवा. अटी तीनच: केंद्र जागचे हलायचे नाही, केंद्रापाशी विकलज १ असायचा, आणि दोन वेगळे बिंदू एकाच ठिकाणी पडायचे नाहीत. मग आकृती कितीही वेडीवाकडी होवो, तिच्या पोटात केंद्राभोवती १/४ त्रिज्येची चकती मावतेच. असा काही स्थिरांक असतो हे पॉल कोबे यांनी १९०७ मध्ये दाखवले. तो नेमका १/४ आहे हे लुडविग बीबरबाख यांनी १९१६ मध्ये.

ही शिस्त येते कुठून? इथे विकलज ही एकच संमिश्र संख्या असते, आणि तिने गुणणे म्हणजे थोडे फिरवणे व सगळ्या दिशांना सारखेच मोठे किंवा लहान करणे. चिमुकले वर्तुळ जवळपास वर्तुळच राहते. एका दिशेला ओढून दुसरीकडे दाबायची सोयच नाही.

दोन चल आले की ही सोय होते. आता बिंदू म्हणजे (क्ष, य) अशी संमिश्र संख्यांची जोडी, म्हणजे खरे तर चार मिती. चित्र काढायच्या फंदात पडू नये. सूत्रे मात्र शाळकरी आहेत. चकतीच्या जागी आता गोळा: क्ष आणि य यांच्या केवलमूल्यांच्या (शून्यापासूनच्या अंतरांच्या) वर्गांची बेरीज १ पेक्षा कमी. (दोन चकत्यांचा गुणाकारही घेता आला असता, पण ती वस्तू निराळी. एकीचे दुसरीत एकास-एक आणि पूर्ण होलोमॉर्फिक रूपांतर होऊच शकत नाही, हे आंरी पॉइन्कारे यांनी १९०७ मध्येच सिद्ध केले.)

रूपांतर असे: य तसाच ठेवायचा, आणि क्षमध्ये क × य × य मिळवायचे. क ही आपल्या मर्जीतली संख्या. तेवढेच वजा केले की मूळ बिंदू परत हाती, म्हणजे दोन बिंदू एकमेकांवर पडण्याचा प्रश्नच नाही. बाकीच्या अटीही पाळल्या जातात: केंद्र हलत नाही, आणि त्याच्या अगदी जवळ य × य नगण्य असल्याने जवळपास काहीच बदलत नाही, हाच ‘विकलज १’ चा इथला अर्थ. नाण्यांची चळत तिरकी सरकवावी तसा हा प्रकार: प्रत्येक काप अखंड सरकतो, घनफळ कणभरही बदलत नाही.

आता क = १०,००,००० घ्या. (०, ०.९) हा बिंदू थेट (८,१०,०००, ०.९) वर जाऊन पडतो. आणि उलट, नव्या आकृतीत (०, य) हा बिंदू सापडायचा तर तो मुळात (−१०,००,००० × य × य, य) इथून आलेला हवा. तो गोळ्यात बसायला यचे केवलमूल्य १/१००० पेक्षा कमीच लागते. म्हणजे आत मावणारा गोळाही १/१००० पेक्षा मोठा नाही. क आणखी वाढवा, तो आणखी आक्रसेल. १/४ सोडाच, कुठलाच स्थिरांक टिकत नाही.

एका चलाचा सिद्धांत जसाच्या तसा उचलता येत नाही, हे १९३३ मध्ये आंरी कार्तां यांनी निदर्शनास आणले. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. सगळी रूपांतरे नकोत, भूमितीने बांधलेली पाहा, असे त्यांनी सुचवले: बहिर्वक्र (आतल्या कुठल्याही दोन बिंदूंना जोडणारी रेषा आतच राहते अशी आकृती देणारी), किंवा ताराकृती. ताराकृती म्हणजे केंद्रात दिवा लावला तर आकृतीतला प्रत्येक बिंदू सरळ रेषेत उजळला पाहिजे, मध्ये आकृतीबाहेरचा तुकडा येता कामा नये. मला ही सूचना फार आवडते, कारण आपल्या खोडकर उदाहरणाला ती नेमकी पकडते. क = १०० असताना (०, ०.९) जातो (८१, ०.९) वर. केंद्रापासून तिथपर्यंतचा मध्यबिंदू (४०.५, ०.४५). त्याचे मूळ शोधले तर (२०.२५, ०.४५) येते, गोळ्याच्या पार बाहेर! उजेड वाटेतच अडला.

गोळ्यावरच्या ताराकृती रूपांतरांसाठी १/४ ची हमी परत मिळते, हे बर्नार्ड, फिट्झजेराल्ड आणि गोंग यांनी १९९१ मध्ये सिद्ध केले, आणि तेही कितीही चलांसाठी. आपल्या चळतीला ही हमी किती क पर्यंत लागू? तिचे हिशेब अर्ध्या पानात होतात: चळत ताराकृती राहते ती कचे केवलमूल्य ३√३/२ पर्यंत असेल तरच. २.५९ चालतो, २.६० नाही.