सीएसआरएफ आणि एसएसआरएफ: एकात ब्राउझर फसतो, दुसऱ्यात सर्व्हर

पर्वरीत किंवा वेर्ण्यात स्वतःच्या मशीनवर गिटलॅब (कोड साठवायचं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्या छोट्या कंपनीच्या हाती सुरक्षा तपासणीचा अहवाल पडतो. त्यात लिहिलेलं असतं एसएसआरएफ (सर्व्हर-साइड रिक्वेस्ट फोर्जरी), आणि टीम फॉर्ममधली टोकनं, म्हणजे फॉर्म आपल्याच पानावरून आल्याच्या गुप्त खुणा, तपासायला बसते. मेहनत फुकट; ते औषध सीएसआरएफचं (क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी).

सीएसआरएफमध्ये तुमचा ब्राउझर वापरला जातो. गिटलॅबवर लॉगिन असताना दुसऱ्या टॅबमध्ये भलतंच पान उघडलं, त्याने गुपचूप फॉर्म पाठवला, की ब्राउझर इमानेइतबारे लॉगिनची ओळख सांगणारी कुकी जोडून मोकळा होतो. फॉर्मला टोकन आणि कुकीला सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीला कुकी न जोडण्याची सूचना) लावलं की बहुतेक काम भागतं. आजचे फ्रेमवर्क हे बरंचसं आपणच करतात.

एसएसआरएफमध्ये विनंती सर्व्हरच करतो, पत्ता मात्र हल्लेखोराने दिलेला. कोड होस्टिंगवर अशा जागा हव्या तेवढ्या: वेबहुक (काही घडलं की ठरलेल्या पत्त्यावर आपोआप जाणारी विनंती), यूआरएलवरून रेपो म्हणजे कोडचा साठा इम्पोर्ट करणं, सीआय (कोड आपोआप तपासणारी यंत्रणा) फाइलमधलं रिमोट इन्क्लूड, म्हणजे दुसरीकडची फाइल ओढणं. अंतर्गत नेटवर्कची परवानगी चालू असेल, तर वेबहुकमध्ये १९२.१६८.१.२०:८०८० टाकून टेस्ट दाबा. त्या पत्त्यावरच्या, बाहेरून न दिसणाऱ्या जेनकिन्सचं (कोड आपोआप बिल्ड करणारा सर्व्हर) उत्तर वेबहुकच्या नोंदीत वाचायला मिळतं. ॲमेझॉनच्या क्लाउडवर धोका १६९.२५४.१६९.२५४ चा; हा पत्ता मशीनला स्वतःची माहिती देणाऱ्या आयएमडीएस सेवेचा. तिथे आयएमडीएसची पहिली आवृत्ती चालू असेल आणि मशीनला रोल (क्लाउडमधले अधिकार) दिलेला असेल, तर साध्या गेट विनंतीवर तात्पुरत्या किल्ल्या मिळतात. दुसरी आवृत्ती आधी पुट विनंतीने टोकन मागते.

सीव्हीई-२०२१-२२२१४ या क्रमांकाने नोंदवलेल्या सुरक्षा दोषात तर गिटलॅबच्या सीआय लिंट एपीआयला (सीआय फाइल तपासून देणारी सोय) लॉगिनही लागत नव्हतं. अट एवढीच, की वेबहुकना अंतर्गत नेटवर्क खुलं असावं. गिटलॅबच्या १०.५ आवृत्तीपासूनचं हे भोक १३.१०.५, १३.११.५ आणि १३.१२.२ मध्ये बुजलं. लोक ती परवानगी देतात ती बहुधा ऑफिसातल्या जेनकिन्ससाठी. त्यापेक्षा ॲडमिनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये, आउटबाउंड रिक्वेस्ट्सखालच्या यादीत तेवढाच पत्ता घाला.

स्वतः कोड लिहीत असाल तर मजकुरात १२७.०.०.१, म्हणजे मशीनचा स्वतःचाच पत्ता, शोधणारी गाळणी फुसकी. २१३०७०६४३३ म्हणजेही तोच पत्ता. शिवाय तपासताना बाहेरचा आयपी आणि जोडताना आतला, असा खेळ डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणारी व्यवस्था) करता येतो. म्हणून नावाचा आयपी एकदाच काढायचा, तो तपासायचा, त्यालाच जोडायचं. प्रत्येक रिडायरेक्टला (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणी) हे पुन्हा.

नक्की काय घडलं ते लॉग सांगतो. सीएसआरएफची विनंती गिटलॅबच्या लॉगमध्ये कर्मचाऱ्याच्या आयपीवरून, त्याच्याच नावावर दिसते. एसएसआरएफची जेनकिन्सच्या लॉगमध्ये सापडेल, आणि पाठवणारा आयपी खुद्द गिटलॅबचा असेल.