संगीतसमीक्षक होण्यासाठी गायक असावे लागते का?

ऑनलाइन नियतकालिकासाठी मानधनाविना संगीतसमीक्षा लिहू इच्छिणाऱ्यांना ‘आधी रीतसर गाणे शिका’ असा सल्ला हमखास मिळतो. तो निराधार आहे. जॉर्ज बर्नार्ड शॉ १८८९ मध्ये लंडनच्या ‘द स्टार’ या दैनिकात टोपणनावाने संगीतसमीक्षा लिहीत होते, तेव्हा त्यांच्याकडे संगीताची पदवी नव्हती. पियानोही ते स्वतःच शिकले होते. कान तयार असावा लागतो हे खरे, पण तो ऐकूनच तयार होतो.

संपादक पाहतात तो नमुनालेख. ‘गाणे श्रवणीय आहे’ या वाक्याने वाचकाच्या हाती काहीच लागत नाही; ‘दुसऱ्या अंतऱ्यात तबला थांबतो, गायिकेचा आवाज किंचित थरथरतो आणि ती थरथर ध्वनिमुद्रणात तशीच राहू दिली आहे’ असे लिहिणाऱ्याने मात्र गाणे खरोखर ऐकलेले असते, मग त्याला रागाचे नाव सांगता येवो वा न येवो. (चुकीचे नाव ठोकून देण्यापेक्षा ते न लिहिलेले बरे.) मानधन नसले तरी मुदत पाळावीच लागते, आणि कलाकार परिचयाचा असल्यास तसे संपादकांना आधीच कळवावे लागते.