मॉरिस अ‍ॅशली आणि 'पहिला' या शब्दाचा घोळ

मार्च १९९९ मध्ये मॉरिस अ‍ॅशली बुद्धिबळातला ग्रँडमास्टर झाला, वय ३३, आणि तेव्हापासून त्याच्या नावाआधी 'पहिला कृष्णवर्णीय ग्रँडमास्टर' लागतं. ते बरोबरच आहे. पण मग कुणी 'पहिला मास्टर' लिहितं, कुणी आणखी काही, आणि सगळी खिचडी होते.

मास्टर म्हणजे अमेरिकेतलं २२०० रेटिंग (रेटिंग म्हणजे निकालांवरून काढलेला खेळाडूच्या ताकदीचा आकडा). ते तर न्यूयॉर्कच्याच एका कृष्णवर्णीय पोराने १९५९-६० च्या सुमारास मिळवलं होतं, पुढे तो फिजिक्समध्ये गेला. ग्रँडमास्टर हा जागतिक संघटनेचा किताब, त्याला २५०० रेटिंग लागतं आणि वर नॉर्म लागतात, म्हणजे टायटलवाल्या, परदेशी खेळाडूंसमोर अख्खी स्पर्धा वरच्या दर्जाची खेळायची आणि हे परत परत करून दाखवायचं. दोन्हींमध्ये जवळपास ४० वर्षं गेली, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला की त्या ४० वर्षांतले सगळे खेळाडू पुसले जातात, मला तेच खटकतं. १८७३ मध्ये बुद्धिबळाच्या कोड्यांचं पुस्तक काढणारा मेरीलँडचा मुलगा, जो गुलामगिरीत जन्मला होता, तो तर कुणाच्या खिजगणतीतही नसतो. त्यात अ‍ॅशलीचा जन्म जमैकाचा, १२ व्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला आला, म्हणून 'आफ्रिकन-अमेरिकन' म्हणायचं का यावरही लोक अडतात.

त्याचा खेळ घडला तो ब्रुकलिनच्याच प्रॉस्पेक्ट पार्कात जमणाऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूंमध्ये. ब्लिट्झ म्हणजे काही मिनिटांत संपणारे फटाफट डाव, घड्याळावर थापा, आणि तोंडाने समोरच्याला सतत डिवचणं, तिथे टिकायचं तर डोकं थंडच ठेवावं लागायचं.

पण माझ्या मते खरं मोठं काम न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातलं. तिथल्या शाळकरी पोरांना तो शिकवायचा, टीमचं नाव रेजिंग रूक्स, आपल्या भाषेत चवताळलेले हत्ती. १९९१ मध्ये या पोरांनी राष्ट्रीय शालेय स्पर्धेत संयुक्त पहिला नंबर काढला. जो वेळ स्वतःच्या ओपनिंगवर, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या तयारीवर घालायचा तो त्याने पोरांवर घातला. १९९३ ला तो इंटरनॅशनल मास्टर, म्हणजे ग्रँडमास्टरच्या एक पायरी खाली, झाला, तिथून ग्रँडमास्टर व्हायला आणखी ६ वर्षं गेली. मधेच १९९७ मध्ये जगज्जेता कास्पारोव्ह विरुद्ध कॉम्प्युटर डीप ब्लू या मॅचची कॉमेंट्रीही त्याने केली. शेवटचा नॉर्म मिळाला तो न्यूयॉर्कमध्येच, मॅनहॅटनमधल्या स्पर्धेत.