जिमी स्पीर्स

स्पीर्स, जेम्स हॅमिल्टन ऊर्फ जिमी : (२२ मार्च १८८६ – २० ऑगस्ट १९१७). स्कॉटिश फुटबॉलपटू, ब्रॅडफर्ड सिटी संघाचा कर्णधार आणि इंग्लंडमधील एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या १९११ च्या अंतिम सामन्यातील एकमेव गोलचा मानकरी. पहिल्या महायुद्धात तो पाशेनडेलच्या लढाईत मारला गेला. त्याचे नाव प्रामुख्याने त्या एका गोलसाठी आणि रणांगणावरील मृत्यूसाठी घेतले जाते. मात्र रेंजर्सपासून लीड्स सिटीपर्यंतच्या दहा वर्षांत त्याने इनसाइड फॉरवर्ड (मधला आघाडीपटू आणि कडेचा खेळाडू यांच्यामधला आघाडीपटू) म्हणून जे काम केले, ते त्या गोलइतकेच मोलाचे होते.

क्लाइड नदीकाठच्या, जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध असलेल्या गोव्हन या गावात त्याचा जन्म झाला. गोव्हन तेव्हा ग्लासगो शहरात विलीन झालेले नव्हते. मेरीहिल या ज्युनियर संघाकडून खेळत असताना तो मोठ्या क्लबांच्या नजरेत भरला. स्कॉटलंडच्या फुटबॉलमध्ये ‘ज्युनियर’ हा शब्द खेळाडूंच्या वयाला उद्देशून नसून स्पर्धेच्या दर्जाला उद्देशून वापरला जातो, आणि खाणमजूर व गोदी कामगारांच्या वस्त्यांतील असे संघ हीच तेव्हा व्यावसायिक क्लबांची खरी शाळा होती. १९०५ मध्ये रेंजर्सने त्याला करारबद्ध केले. रेंजर्सचे आयब्रॉक्स मैदान गोव्हनमध्येच असल्याने तो एका अर्थी आपल्याच गावच्या संघात दाखल झाला. ७ मार्च १९०८ रोजी डंडी येथे वेल्सविरुद्ध तो स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला. स्कॉटलंडने हा सामना २–१ असा जिंकला, तरी त्याला पुन्हा कधीही राष्ट्रीय संघात घेतले गेले नाही. त्याच वर्षी तो ग्लासगोतीलच क्लाइड क्लबकडे गेला आणि १९०९ मध्ये सीमा ओलांडून इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड सिटीत दाखल झाला.

लोकरीच्या गिरण्यांचे ब्रॅडफर्ड हे मुळात रग्बीचे शहर. तेथील मॅनिंगहॅम या नामांकित रग्बी क्लबने १९०३ मध्ये रग्बी सोडून फुटबॉल स्वीकारला आणि त्यातूनच ब्रॅडफर्ड सिटीचा उदय झाला. पाच वर्षांत हा संघ पहिल्या श्रेणीत पोहोचला. व्यवस्थापक पीटर ओरूर्क हा स्वतः स्कॉटिश होता आणि त्याने संघाची बांधणीही मोठ्या प्रमाणात स्कॉटिश खेळाडूंच्या बळावर केली. चेंडू पायात घेऊन एकट्याने धावत सुटण्याऐवजी तो सहकाऱ्यांमध्ये फिरवत पुढे नेण्याची रीत स्कॉटलंडमध्ये रुजली होती, म्हणून इंग्लिश क्लब तेथील खेळाडूंच्या शोधात असत. त्या काळच्या २–३–५ रचनेत (दोन बचावपटू, मधल्या फळीत तीन आणि आघाडीवर पाच) या रीतीचा सर्वाधिक भार दोन इनसाइड फॉरवर्डवर पडे. मधल्या फळीकडून चेंडू घेऊन तो कडेच्या खेळाडूकडे किंवा मधल्या आघाडीपटूकडे योग्य क्षणी पोहोचवणे हे त्यांचे काम होते. १९२५ पूर्वीच्या ऑफसाइड नियमानुसार पास देताना चेंडूच्या पुढे असलेल्या आघाडीपटूसमोर प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असणे आवश्यक असे. त्यामुळे पास निमिषभर उशिरा निघाला तरी सारी चढाई वाया जाई. स्पीर्सची ख्याती या अचूक वेळसाधनेसाठी आणि शांत डोक्यासाठी होती, आणि कर्णधारपद त्याच्याकडे येणे त्यामुळेच स्वाभाविक होते.

१९१०–११ च्या हंगामात ब्रॅडफर्ड सिटीने पहिल्या श्रेणीत पाचवे स्थान मिळवले. लीगमध्ये याहून वरचे स्थान या क्लबला आजवर मिळालेले नाही. एफए कपमध्ये न्यू ब्रॉम्प्टन, नॉरिच, ग्रिम्सबी आणि बर्नली यांना प्रत्येकी एकाच गोलच्या फरकाने हरवत संघ पुढे सरकला. यांपैकी बर्नलीविरुद्धच्या घरच्या सामन्याला ३९,१४६ प्रेक्षक आले आणि व्हॅली परेड मैदानावरील गर्दीचा तो उच्चांक ठरला. उपांत्य सामन्यात ब्लॅकबर्न रोव्हर्सचा ३–० असा पराभव झाला. अंतिम सामन्यात गाठ होती आदल्या वर्षीच्या विजेत्या न्यूकॅसल युनायटेडशी. सात वर्षांत पाचव्यांदा अंतिम फेरी गाठणाऱ्या या संघापुढे ब्रॅडफर्डचे बळ कमी मानले जात होते. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर २२ एप्रिलला झालेला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला.

फेरलढत २६ एप्रिल १९११ रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर झाली. मैदान जेमतेम एक वर्ष जुने होते आणि सुमारे ५८ हजार लोक तेथे जमले होते. पंधराव्या मिनिटाला न्यूकॅसलच्या गोलसमोर आलेल्या उंच चेंडूला स्पीर्सने डोक्याने दिशा दिली. त्या काळचा चेंडू जाड चामड्याचे तुकडे शिवून केलेला, आत रबरी फुगा आणि वर नाडी असलेला असे. कोरडा असताना तो साधारण ४०० ग्रॅम भरे, पावसात भिजला की पुष्कळ जड होई आणि नाडीवर कपाळ आपटले तर जखम होई. स्पीर्सने डोक्याने मारलेल्या चेंडूला जोर फारसा नव्हता. पण मधला आघाडीपटू फ्रँक ओरूर्क पुढे झेपावल्यामुळे गोलरक्षक जिमी लॉरेन्सचे लक्ष क्षणभर विचलित झाले आणि चेंडू जाळीत गेला. देखणेपणात हा गोल मागे राहील, पण उरलेली पंचाहत्तर मिनिटे ब्रॅडफर्डने ती आघाडी ज्या चिवटपणे राखली, ते पाहता त्या विजयाला नशिबाचा विजय म्हणता येत नाही. फेरलढतीतील अकरांपैकी आठ खेळाडू स्कॉटिश होते. स्पीर्सच्या हाती आलेला करंडक त्या वर्षी प्रथमच दिला जात होता, आणि तो घडवला होता ब्रॅडफर्डच्याच फॅटोरिनी या पेढीने. संपूर्ण स्पर्धेत संघावर केवळ एक गोल झाला. ब्रॅडफर्ड सिटीने हा करंडक पुन्हा कधीही जिंकलेला नाही.

डिसेंबर १९१२ मध्ये दुसऱ्या श्रेणीतील शेजारच्या लीड्स सिटीने १,४०० पौंड, म्हणजे त्या काळच्या मानाने मोठी रक्कम, मोजून त्याला घेतले. पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनलमुळे कीर्ती पावलेला हर्बर्ट चॅपमन तेव्हा तेथे व्यवस्थापक होता. स्पीर्स येथेही कर्णधार झाला. १९१३–१४ मध्ये लीड्स सिटीने दुसऱ्या श्रेणीत चौथे स्थान पटकावले आणि बढती थोडक्यात हुकली. युद्धकाळात खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याच्या आरोपावरून १९१९ मध्ये हा क्लबच बरखास्त करण्यात आला.

युद्ध सुरू झाल्यावरही १९१४–१५ चा हंगाम पूर्ण खेळवला गेला. तो संपताच मे १९१५ मध्ये स्पीर्स ग्लासगोला जाऊन कॅमेरन हायलँडर्स पलटणीत भरती झाला. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा, विवाहित आणि मुलांचा बाप होता. सक्तीच्या भरतीचा कायदा अजून व्हायचा होता, म्हणजे हा निर्णय सर्वस्वी त्याचा होता. १९१७ च्या वसंतात फ्रान्समधील अरासच्या लढाईतील शौर्यासाठी त्याला मिलिटरी मेडल मिळाले आणि तो सार्जंट झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बेल्जियममधील ईप्र शहराजवळच्या चढाईत, म्हणजेच पाशेनडेलच्या लढाईत, तो ठार झाला. डॉची फार्म येथील युद्ध दफनभूमीत त्याची कबर आहे.

त्या संघाने युद्धात आणखीही माणसे गमावली. फेरलढतीत ऐनवेळी मधल्या फळीत घेतलेला आणि उत्तम खेळलेला रॉबर्ट टॉरन्स १९१८ मध्ये मारला गेला. ब्रॅडफर्ड आणि लीड्स या दोन्ही क्लबांत स्पीर्ससोबत खेळलेला एव्हलिन लिंटॉट १ जुलै १९१६ रोजी, फ्रान्समधील सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी मारला गेला. स्पीर्सचे १९११ चे विजेतेपदाचे पदक २००३ मध्ये लिलावात २६ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले. ते घेणारा ब्रॅडफर्ड सिटीचाच एक चाहता होता.